चौदा मोटरी आणि हवालदारांचे पाच सेकंद

गेल्या माघातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम रुपये एकोणीस हजार सहाशे फक्त. हजर: रहिमतपूरच्या ओढ्याकडच्या डीपीवर ज्यांच्या पाण्याच्या मोटरी चालतात त्या चौदा जणांपैकी अकरा, सांगलीहून आलेले इंजिनिअर पंकज, आणि सर्जेराव हवालदार. रक्कम सर्जेरावांनी केलेलं काम उपटून टाकण्यासाठी होती. सभा सर्जेरावांच्याच शेडमध्ये होती, कारण आसपास दुसरीकडे सावली नव्हती. चहाही त्यांनीच केला होता.

"मग हवालदार, तुमचं काय म्हणणं?" बापूसाहेबांनी विचारलं. बापूसाहेबांचा ऊस आमच्यात सगळ्यात जास्त, त्यामुळे सभेत प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडे असतं.

सर्जेराव गप्प.

इंजिनिअरना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ते पुढे झुकून मोठ्यानं म्हणाले, "काका, ते विचारतायत, तुमचं मत काय?"

आम्ही बाकीचे निवांत बसलो होतो. आम्हाला सवय होती. पाच सेकंद झाले आणि सर्जेराव म्हणाले, "म्हणणं काय असणार? काढा की." मग इंजिनिअरांकडे वळून, "आन् वरडू नका. कान ठीक हाईत."

हा माणूस कुठल्याही प्रश्नाला पाच सेकंद थांबल्याशिवाय उत्तर देत नाही. सतरा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढली, पुढे रहिमतपूरच्या पेठेत रेडिओ दुरुस्त केले, वय आता एकाहत्तर. थांबण्याचं कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. "लाइट आली की पहिल्या झटक्याला व्होल्टेज खालीवर हुतं. लगीच मोटर लावली की जळती. माणसाचं बी तसंच. प्रश्न आत येऊ द्यावा, ठरू द्यावा, मंग रिले वढावा." रिले म्हणजे एक छोटं स्विच, जे हातानं न दाबता विजेनं ओढलं जातं आणि 'टक्' करून मोटर सुरू करतं. सर्जेरावांच्या मते देवानं माणसाच्या तोंडातही एक रिले बसवलाय, फक्त त्याचं टायमिंग लावायला तो विसरला.

त्यामुळे त्यांना फोन करणारे निम्मे लोक 'लाइन तुटली' म्हणून ठेवून देतात. त्यांची मुलगी आटपाडीला दिली आहे. ती ठेवत नाही, बोलत राहते. ती विचारते, "जेवलात का?" आणि उत्तर यायच्या आत, "औषध घेतलं का?" मग सर्जेराव म्हणतात, "व्हय." हे 'व्हय' जेवणाचं असतं, ती ते औषधाचं धरते. गेली कित्येक वर्षं बापलेकीचं बोलणं असं एका प्रश्नाच्या अंतरानं चाललं आहे आणि दोघांची तब्येत उत्तम आहे.

त्यांच्या शेडला बेल आहे. शेडला दार धड नाही, पण बेल आहे. ती दाबली की दहा सेकंदांनी वाजते. "ज्याला खरंच काम असतं त्यो थांबतो. बाकीचे जात्यात." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहा वेळा बेल दाबली. दहा सेकंदांनी ती एकदाच वाजली आणि आतून आवाज आला, "अधीर मानूस दिसतोय. सातारचा?"

मी साताऱ्याचाच. वसंत माझं नाव, एका संस्थेत हिशेबनीस म्हणून तीस वर्षं झाली. रहिमतपूरला वडिलोपार्जित दीड एकर ऊस आहे. मोटर पाच हॉर्सपॉवर, क्रमांक सहा. या क्रमांकाचं प्रकरण आधी सांगायला हवं, कारण सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट वेळापत्रकाप्रमाणे येते. यायच्या वेळी कुणी विहिरीवर बसून राहत नाही. म्हणून प्रत्येकानं स्टार्टरवर 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. सोय मोठी आहे. फक्त लाइट आल्या क्षणी चौदाच्या चौदा मोटरी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे डीपी बसते. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. एका उन्हाळ्यात तो तीनदा बसला. आम्ही तीनही वेळा वीज कंपनीला शिव्या दिल्या, तिथे सगळ्यांचं एकमत होतं.

तेव्हा सर्जेरावांनी डबे केले. साबणाच्या डबीएवढा एकेक प्लॅस्टिकचा डबा, आत एक आठ पायांचा किडा, म्हणजे दहा रुपयांना मिळते ती आयसी चिप, एक कंडेन्सर, एक रेझिस्टन्स आणि एक रिले. संपलं. मी विचारलं, यात घड्याळ कुठे आहे?

पाच सेकंद.

"घड्याळ कशाला? रांजण हाय की." कंडेन्सरवर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यो रांजण. ह्यो रेझिस्टन्स म्हंजे वरची बारीक तोटी. लाइट आली की रांजण भराय लागतो. तीनातलं दोन हिस्से भरला की किडा बघतो आन् रिले वढतो. मोठा रांजण, बारीक तोटी, जास्त येळ. ल्हान रांजण, मोठी तोटी, कमी येळ. ह्यात इंजिनिअरिंग काय बी न्हाई. तुमच्या आईला इचारा, तिला बी कळंल."

पहिली मोटर पाच सेकंदांनी, दुसरी दहा, तिसरी पंधरा, अशी चौदावी सत्तर सेकंदांनी. क्रम त्यांनीच ठरवला. सगळ्यात लहान मोटर आधी, मोठी शेवटी. "पंगतीत आदी पोरं बसत्यात." म्हणून तीन हॉर्सपॉवरच्या शालनचा नंबर पहिला आला आणि पंधरा हॉर्सपॉवरच्या बापूसाहेबांचा चौदावा. बापूसाहेब त्या दिवसापासून आठ वर्षं सत्तर सेकंद अपमान सहन करत होते. रोज. सर्जेरावांच्या स्वतःच्या, पंधराव्या, मोटरीला डबा नाही. सगळ्यांच्या लागल्या की ते उठून हातानं बटण दाबतात. "मी काय मेलोय व्हय, ऑटो लावायला?"

डीपी त्यानंतर आठ वर्षांत एकदाही बसली नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण सभेत ते कुणीच नोंदवलं नाही. मीही नाही.

माझी तक्रार वेगळी होती. मी स्टॉपवॉच लावून डबे मोजत असे. रविवारी शेतावर गेल्यावर दुसरं करण्यासारखं फार नसतं. चौदावा डबा, जो सत्तर सेकंदांचा, तो थंडीत पासष्ट सेकंदांत लागे आणि चैत्रात एकोणऐंशी. पत्र्याखालचा गजाननचा तेरावा डबा उन्हात तापून इतका सुस्त होई की चिंचेखालचा बापूसाहेबांचा चौदावा त्याच्या आधी लागे. तीन उन्हाळ्यांच्या नोंदी मी सर्जेरावांपुढे ठेवल्या. मला वाटलं, माणूस ओशाळेल.

त्यांनी वही उलटसुलट बघितली. "चैत्रात तुमास्नी जेवाय किती येळ लागतो, त्ये लिवलंय का ह्यात?"

"त्याचा काय संबंध?"

पाच सेकंद. "थंडीत मानूस आखडतो, उनात सैल हुतो. रांजण बी तसाच. चालायचंच." आणि वही परत.

आता या वृत्तीपुढे माझ्यासारख्यानं काय करावं? सत्तरचे एकोणऐंशी होतात म्हणजे जवळजवळ तेरा टक्के फरक. आमच्या संस्थेत तेरा पैशांचा फरक निघाला तर आम्ही जेवत नाही.

म्हणून सांगलीचे इंजिनिअर आले, तेव्हा मी मनानं त्यांच्या बाजूला होतो. माणूस नम्र, इस्त्रीचा शर्ट, हातात निळ्या आकड्यांची एक सुबक पेटी. "काका, तुमचं सर्किट छानच आहे," ते म्हणाले. "म्हणजे त्या काळासाठी."

पाच सेकंद. "कुठल्या?"

इंजिनिअर हसले. "यात मायक्रोकंट्रोलर आहे. अख्खा छोटा कॉम्प्युटर. प्रोग्रॅममध्ये सेकंद लिहायचे. ऊन असो, थंडी असो, फरक शून्य. आणि मधलं अंतर पाच सेकंद ठेवायची गरजच नाही. हिशेबानं दोन पुरतात. शेवटची मोटर अठ्ठावीस सेकंदांत."

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. मीही कागदावर आकडेमोड केली. दोन सेकंद खरोखरच पुरत होते.

"आन् सेकंद लिवणार कोण?" सर्जेरावांनी विचारलं.

"आम्ही लिहूनच देतो. पण बदलायचे असतील तर हे बटण दाबून धरायचं. कुणालाही जमेल."

"म्हंजे बदलता येत्यात."

"हो! हाच तर मोठा फायदा."

या वेळी मला वाटतं पाचाचे सात सेकंद झाले. "व्हय. फायदाच म्हणायचा." मग ते आमच्याकडे वळले. "बघा गड्यांनो. आमचा रांजण हाय. त्यो भरंल तवा भरंल, त्याला बापूसाहेब कोन आन् गजा कोन, काय बी म्हाईत न्हाई. ह्यो हाय कारकून. सांगंल तसं लिवतो."

मी सभेचं इतिवृत्त लिहीत होतो. तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसानं हे वाक्य कोणतीही टिप्पणी न करता उतरवून घेतलं, याची कुणी दखल घेतली नाही.

हात वर करायला सांगितलं. दहा हात वर गेले. अकरावे निवासराव. ते सर्जेरावांचे धाकटे भाऊ, नऊ नंबरच्या मोटरीचे मालक. सभेला आले होते, पण शेडच्या बाहेर, बाभळीखाली, पाठ करून बसले होते. दोघांत अकरा वर्षं बोलणं नाही. कारण एक बांध. त्याची रुंदी मी दोन्ही पक्षांच्या विनंतीवरून स्वतः मोजली आहे: एक फूट चार इंच. नऊ नंबरचा डबासुद्धा मीच नेऊन दिला होता आणि मीच धरून बसवला होता, सर्जेरावांनी शंभर पावलांवरून ओरडून सांगितलं, कुठली तार कुठे. निवासरावांकडे नव्हे, माझ्याकडे बघून.

"निवासराव, तुमचं मत?" मी आतून विचारलं.

"बहुमत असंल तिकडं," त्यांनी बाभळीला सांगितलं.

मंजूर. प्रत्येकी चौदाशे.

डबे काढताना सर्जेराव माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वसंतराव, भंगारात घालू नका. माझ्याकडं द्या." मी चौदा डबे मोजून दिले, पोच घेतली. पोच कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. सही केली आणि पोत्यात डबे भरून घेऊन गेले.

नव्या पेट्या बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे होतो. त्या आठवड्यात लाइट सकाळी साडेआठला होती. सर्जेराव खाटेवर बसून ओढ्याकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते. हे मी पूर्वीही पाहिलं होतं. मला वाटे, नामस्मरण चाललंय किंवा सेकंद मोजतायत. लाइट आली. दोन सेकंदांवर पहिली मोटर घुरघुरली, मग दुसरी, तिसरी, एकीत एक मिसळत. सर्जेरावांचे ओठ चार-पाच मोटरींपर्यंत हलले, मग मागे पडले, मग थांबले. अर्ध्या मिनिटाच्या आत शिवारात सगळा एकच घुमारा.

"झालं की," मी म्हणालो. "बघा, कसं चोख."

पाच सेकंद. "व्हय. लय घाईत गेले सगळे."

मी मनात म्हटलं, म्हातारा रुसला. माझा अंदाज मी माझ्याजवळ ठेवला, पण त्यावर माझा विश्वास पक्का होता.

आता पुढचा भाग, जो आमच्यापैकी कुणालाच सांगायला आवडत नाही. पेटीवर बटण होतं. पहिल्या आठवड्यात बापूसाहेबांनी ते दाबून धरलं आणि अठ्ठावीसचा एक केला. चौदा वर्षांच्या वनवासासारखं काहीतरी संपल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, असं गजाननचं म्हणणं. म्हणजे गजाननला कळलं. त्यानं आपला सव्वीसचा एक केला आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, अशी शपथ घालून आपल्या साडूला सांगितली. साडूची मोटर क्रमांक तीन.

माझंही सांगतो. मी हिशेब केला होता. माझी मोटर बारा सेकंदांनी लागत होती. तिचा एक केला तर रोज अकरा सेकंद. वर्षात तीनशे दिवस लाइट धरली तर तीन हजार तीनशे सेकंद. म्हणजे पंचावन्न मिनिटं. वर्षाला पंचावन्न मिनिटं जादा पाणी! हा आकडा एकदा कागदावर उमटल्यावर मला तो सोडवेना. रविवारी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी बटण दाबून धरलं. मला वाटलं, मी एकटाच.

आम्ही तेराजण होतो, आणि तेराही जणांना तसंच वाटत होतं. निवासरावांनी तेवढं बटणाला हात लावला नाही. अठरा सेकंद ते अठराच राहिले.

चैत्रातल्या एका सकाळी लाइट आली. एक सेकंद झाला. आणि तेरा मोटरी एकदम उठल्या. आधीच्या ऑटोत निदान थोडं मागंपुढं व्हायचं. कुणाचा रिले गंजलेला, कुणाचा आळशी. या पेट्यांनी तसलं काही केलं नाही. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाचाही फरक न करता त्यांनी जे लिहिलं होतं ते केलं. खांबावर जाळ दिसला, आवाज कोरेगाव रस्त्यापर्यंत गेला म्हणतात. डीपी गेली. पूर्वी बसायची, या वेळी गेली.

इंजिनिअरना फोन केला. ते म्हणाले, "पेटीत काही दोष नाही." त्यांचं बरोबर होतं. पेटीत नव्हता.

दुसरी डीपी यायला बारा दिवस लागले. चैत्रातले बारा दिवस, उसाला पाणी नाही. पहिल्या चार दिवसांत आम्ही वीज कंपनीला नावं ठेवली, पुढच्या चार दिवसांत बापूसाहेबांना, आणि शेवटच्या चार दिवसांत कुणी कुणाशी बोललं नाही, कारण उसाचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. अकराव्या दिवशी मी सर्जेरावांकडे गेलो. बेल दाबली आणि लाइट नाही हे लक्षात आल्यावर नुसताच आत गेलो.

'मी सांगत हुतो' हे वाक्य ऐकण्याची मी साताऱ्यापासून तयारी केली होती. दोन-तीन उत्तरंही तयार होती.

"आबा," मी म्हणालो, "जुने डबे परत बसवायचे म्हणतायत सगळे."

पाच सेकंद. "च्या घेणार?"

बस. एवढंच. पोतं नव्हतंच. चौदा डबे भिंतीवरच्या फळीवर ओळीत मांडले होते, पुसून, नंबरवार. प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव. काही कंडेन्सर नवे घातलेले दिसत होते. म्हणजे आम्ही त्यांचं काम उपटून टाकलं त्या दिवसापासून हा माणूस ते दुरुस्त करत बसला होता.

"हे कधी केलंत?"

"येळ हुता."

"आणि आम्ही परत आलोच नसतो तर?"

या प्रश्नाला पाच सेकंद झाले, दहा झाले, चहा उतू गेला. सर्जेरावांनी पातेलं उतरवलं.

नवी डीपी चढली, डबे बसले. नऊ नंबरचा पुन्हा मीच बसवला; शंभर पावलांवरच्या सूचना आता मला पाठ होत्या. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी मुद्दाम सर्जेरावांच्या खाटेवर शेजारी बसलो. स्टॉपवॉच होतं. ते मी खिशातून काढलं नाही, एवढं माझ्या बाजूनं सांगतो.

लाइट आली. पाच सेकंदांनी लांबवर पहिली मोटर उठली. आणि त्यांचं पुटपुटणं या वेळी मला नीट ऐकू आलं.

"शालन... हाजिर. च्याचं पातेलं चुलीवर आसंल आता." दुसरी मोटर. "रामा... हाजिर. खोकला कमी हाय का बघाय पायजे." तिसरी. "गजाचा साडू... हाजिर."

ती हजेरी होती. फौजेत सकाळी घेतात तशी. खाटेवर बसून हा माणूस आठ वर्षं रोज सगळ्या शिवाराची हजेरी घेत होता. आणि एक नाव घ्यायला, त्या माणसाचं घडीभर काहीबाही आठवायला साधारण पाच सेकंद लागतात. दोनांत होत नाही. विजेच्या हिशेबानं दोन पुरत होते, हे मी स्वतः कागदावर काढून दाखवलं होतं.

"वसंतराव... हाजिर," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. माझ्याबद्दल पुढे काही म्हणाले नाहीत. मी शेजारी बसलो होतो म्हणून असेल.

सातवी. आठवी. मग पाच सेकंद गेले, सहा, सात. काहीच नाही. दहावी मोटर लागली. सर्जेरावांनी दहावं नाव घेतलं नाही. अकरावी लागली. बारावी. बापूसाहेबांचं धूड सुद्धा लागलं. सर्जेराव ओढ्यापलीकडे बघत होते, आणि त्यांचे हात गुडघ्यांवर घट्ट होते.

"नऊ न्हाई लागली," ते म्हणाले.

"फ्यूज असेल."

"आठ वरसांत न्हाई चुकली. रोज लागती. ती लागली की कळतं... हाय म्हणून." ते उठले, परत बसले. "जा की, वसंतराव. बघून या. पळा."

मी पळालो. बावन्नाव्या वर्षी, नांगरटीतून. मला काय काय सुचत होतं ते लिहीत नाही. विहिरीजवळ पोचलो तर निवासराव स्टार्टरशेजारी उलट्या घमेल्यावर बसले होते. धडधाकट. हातात डब्यातून उपसलेली तार.

"मोटर का नाही लागली?" मी धापा टाकत विचारलं.

"डबा बिगाडलाय."

"अहो, तार तुमच्या हातात आहे!"

"मंग? हातातली तार म्हंजे बिगाडच न्हवं का?"

"आणा, मी जोडतो."

त्यांनी तार मागे घेतली. "तुमी हिशेब करा. ज्यानं बनवलाय त्यो जोडंल." मग ओढ्याकडे बघत म्हणाले, "बारा दिस शेडात लाइट न्हवती त्याच्या. दोन दिस चुलीचा धूर बी दिसला न्हाई. म्या बाभळीपातूर जाऊन आलो. फुडं पाय न्हाई गेला." तार बोटाभोवती गुंडाळत, "कारभार सगळा लांबूनच. शंबर पावलांवरनं वरडतोय, ही तार तिकडं, ती तार हिकडं. येऊन कर म्हणावं."

मी परत गेलो आणि शब्दशः सांगितलं. निरोपात काटछाट करायची मला सवय नाही. सर्जेरावांनी पेचकस घेतला, टेस्टर घेतला, टोपी घेतली, टोपी परत ठेवली, परत घेतली, आणि निघाले. बांधापाशी आले तेव्हा तो एक फूट चार इंच त्यांनी जरा जपून ओलांडला.

दुरुस्तीच्या वेळी मी हजर होतो. झालेलं बोलणं असं:

"टेस्टर धर."

"धरलाय."

"वाळलायस लय."

"तू काय सुजलायस?"

"धर नीट. टेस्टर सरकतुया."

"तुजी तार सरकतीया."

तार जोडायला अर्धं मिनिट पुरलं असतं. वीस लागले. हे मी अंदाजानं लिहितो, मोजलं नाही. मोटर लागली, पाणी पाटात पडलं, आणि दोघं ते पाणी असं बघत उभे राहिले की जसं काही दोघांनी मिळून ते शोधून काढलंय.

मग निवासराव म्हणाले, फुकट काम नको, मजुरी किती? सर्जेरावांनी वीस रुपये सांगितले. निवासरावांनी पन्नासची नोट दिली. सर्जेरावांनी ती बंडीत ठेवली आणि म्हणाले, "सुट्टं न्हाईत. उद्या आणून देतो."

एकूण पन्नास रुपये, निवास यांजकडून सर्जेराव यांस पोचले. पैकी तीस परत यायचे आहेत. ते द्यायला सर्जेराव रोज सकाळी आपली मोटर लावून ओढा ओलांडून जातात, आणि आजही सुट्टे मिळाले नाहीत असं सांगून, चहा पिऊन, परत येतात.